कोट नाही, मग हॅट घालावी का? कोकणातल्या उन्हातून एक उत्तर

प्रश्न देवगडहून आला आहे. विचारणारे बेचाळीस वर्षांचे आहेत. मुंबईतली नोकरी सोडून ते गावी परतले. हापूसची बाग आहे आणि घराला लागून पर्यटकांसाठी चार खोल्या. फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत दिवसाचा बराच वेळ उन्हात जातो. त्यांना चांगली हॅट घ्यायची आहे, पण मुंबईच्या एका मित्राने सांगितलं, "कोट नसेल तर पुरुषाने हॅट घालू नये, नाटकातल्यासारखं दिसतं." कोट तर या हवेत शक्यच नाही. मग हॅटचा विचार सोडून द्यावा का?

सोडू नका, हॅट घाला. कोटाची गरज नाही. गरज आहे ती नीट कॉलर असलेल्या शर्टाची, आणि हॅट त्या शर्टाच्या वजनाची असण्याची. रत्नागिरीत पुरुषांचे कपडे शिवण्यात माझं आयुष्य गेलं. लग्नाच्या सुटांपासून बागेत घालायच्या जाडसर शर्टांपर्यंत सगळं शिवलं, आणि त्यावर डोक्याला काय शोभेल हे गिऱ्हाइकांना सांगत आलो. तुमचे मित्र म्हणतात त्यात तथ्य आहे, पण ते एका जातीच्या हॅटपुरतं. ते कुठून आलं हे कळलं की तुमचं उत्तर तुम्हालाच सापडेल.

जुन्या चित्रपटांतले नायक जी हॅट घालतात, म्हणजे माथ्यावर खळगा, पुढे दोन बाजूंना चिमटा, भोवती रुंद रिबन, ती फेडोरा. ती फेल्टची असते. फेल्ट म्हणजे सशाचे, बीव्हरचे केस किंवा मेंढीची लोकर ओलावा, उष्णता आणि दाब देऊन एकजीव केलेलं कापड. त्याला विणही नाही आणि भोकंही नाहीत. ते जाड, मऊ आणि ऊब धरणारं असतं. थंड मुलखात त्याच्या खाली लोकरीचा कोट असायचा. दोन्ही एकाच वजनाचे, एकाच ऋतूचे. कोट काढून खाली पातळ पॉपलिनचा शर्ट ठेवला की डोकं जानेवारीत आणि अंग मे महिन्यात असं दिसतं. मित्राच्या डोळ्याला जे खटकतं ते हेच.

दुसरं कारण आम्हा शिंप्यांना लगेच दिसतं, इतरांना नुसतं जाणवतं. कोटाच्या खांद्यात पॅड असतं, छातीत कॅनव्हास असतो. त्यामुळे माणसाचा खांदा असतो त्यापेक्षा थोडा रुंद आणि सरळ दिसतो. लॅपेलच्या, म्हणजे कोटाच्या पुढच्या दुमडलेल्या पट्ट्यांच्या, दोन रेषा छातीवरून वर चेहऱ्याकडे जातात. रुंद काठाच्या हॅटला खालून हा आधार मिळतो. कोट उतरवला की खांदा आपल्या मूळ उतारावर येतो, छातीवरच्या रेषा जातात, आणि तीच हॅट एकदम मोठी वाटू लागते. हॅट बदललेली नसते, तिच्याखालचा पाया गेलेला असतो.

म्हणून कोट घालत नसाल तर दोन गोष्टी सांभाळायच्या. हॅट हलक्या मालाची हवी. आणि कोट जे काम करत होता, त्यातलं थोडं शर्टाने करायला हवं. बाकीचं पुढे येईलच.

त्याआधी एक गोष्ट. कोटाशिवाय हॅट नाही हा नियम शहरातल्या कचेरीचा होता. उन्हात राबणाऱ्या माणसाने तो कुठेच पाळला नाही. जॉन स्टेटसन यांनी १८६५ मध्ये अमेरिकेत जी रुंद काठाची हॅट बाजारात आणली, ती गुरं राखणाऱ्यांच्या डोक्यावर गेली, आणि ती माणसं शर्टावरच घालत. पनामा हॅट तर उन्हाळ्यासाठीच जन्मली. तिचं नाव पनामा असलं तरी ती विणली जाते इक्वेडोरमध्ये, तोकिया नावाच्या, ताडासारख्या पानांच्या झाडापासून. थिओडोर रूझवेल्ट १९०६ मध्ये पनामा कालव्याचं काम बघायला गेले, तेव्हाची त्यांची छायाचित्रं जगभर छापली गेली आणि हे नाव आणखी घट्ट बसलं. इक्वेडोरमधल्या त्या विणकामाला २०१२ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

आणि आपल्या देशात हॅटमधलं सगळ्यात ओळखीचं छायाचित्र कोणतं? भगतसिंगांचं. १९२९ साली दिल्लीत काश्मिरी गेटजवळच्या स्टुडिओत काढलेलं. डोक्यावर फेल्टची हॅट, अंगात कॉलरचा साधा शर्ट, कोट नाही. ते चित्र शंभर वर्षं होत आली तरी डोळ्याला खटकत नाही. त्याचं मोठं कारण त्या माणसाची नजर हे खरंच. पण शिंपी म्हणून बघितलं तर शर्टाची कॉलर ताठ आहे, हॅट चेहऱ्याच्या मापाची आहे, आणि बाकी काही मिरवलेलं नाही.

मराठी माणसाचं डोकं तर कोटावर कधीच अवलंबून नव्हतं. टिळक रत्नागिरीचे, गोखले गुहागरजवळच्या कोतळूकचे. दोघांची पगडीतली छायाचित्रं घराघरांत होती. पुढे काळी टोपी, कोट आणि धोतर हा शाळामास्तरांचा आणि कारकुनांचा वेश झाला. तिथे कोट आणि टोपी एकत्र आले खरे. मग १९२०-२१ च्या असहकार चळवळीत पांढरी खादीची टोपी आली आणि ती सदऱ्यावर, पैरणीवर, उघड्या गळ्यावर सगळीकडे बसली. आमच्या भागात जुन्या पिढीतला शेतकरी उन्हात टोपी किंवा मुंडासं आणि भातलावणीला इरलं (डोक्यापासून पाठीपर्यंत झाकणारं पानांचं आच्छादन) घेऊनच घराबाहेर पडायचा. डोकं उघडं ठेवून चारचौघांत जाणं बरं मानत नसत. म्हणजे डोकं झाकणं ही आपली जुनी सवय आहे. गेल्या दोन-तीन पिढ्यांत ती सुटली आणि आता उन्हाने परत आठवण करून दिली, इतकंच. गावात कोणी "काय रे, सायेब झालास काय?" म्हणालं तर मनाला लावून घेऊ नका. आठवडाभर रोज तीच हॅट दिसली की विचारणं आपोआप थांबतं. हॅट परकी वाटते ती अधूनमधून घातली तर.

आता खरेदी. इथे सविस्तर लिहितो, कारण माणसं पैसे इथेच वाया घालवतात.

बाजारात आणि ऑनलाइन पनामा म्हणून जे तीनशे-चारशे रुपयांना मिळतं ते बहुतेक वेळा कागदाच्या पिळाचं असतं. दिसायला छान, वजनाला हलकं. पण कोकणातल्या घामाने आणि दमट हवेने ते महिन्याभरात लोळागोळा होतं, काठ खाली लोंबतो. ओळखायचं कसं? आतल्या बाजूला एका टोकाला बोट ओलं करून लावा. कागद असेल तर लगेच मऊ पडतो आणि त्याचं तूस निघतं. दुकानदार नको म्हणाला तर घेऊ नका. दुसरी परीक्षा उजेडाची. हॅट सूर्यासमोर धरा. विणीतून ठिपके ठिपके प्रकाश आला तर तेवढंच ऊन तुमच्या टाळूवर येणार. बारीक, घट्ट विणीची घ्या. खऱ्या तोकियाची हॅट महाग पडते. पाहुण्यांसमोर आणि बाहेर जाताना घालायची असेल तरच तेवढे पैसे घाला. बागेसाठी जाड सुती कापडाची, शिवलेल्या काठाची हॅट पुरते. तीच बरी, कारण ती धुता येते.

हो, तुम्हाला दोन लागतील. एकीत सगळं बसवायला गेलात तर दोन्हीकडे अडेल. सांगतो का ते.

उन्हाच्या बाजूने बघितलं तर काठ जितका रुंद तितका बरा. ऑस्ट्रेलियातली कॅन्सर कौन्सिल मोठ्या माणसांसाठी निदान ७.५ सेंटिमीटर काठ सांगते, कारण कान आणि मानेचा मागचा भाग त्याशिवाय झाकला जात नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये निरभ्र दुपारी अतिनील किरणांचा निर्देशांक ११ च्या पुढे जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजपट्टीवर ती सगळ्यात वरची पायरी आहे. त्यात किनाऱ्यावर ऊन खालूनही येतं. कोरडी वाळू सुमारे १५ टक्के अतिनील किरणं परत फेकते, लाटांचा फेस सुमारे २५ टक्के. म्हणून काठाची आतली बाजू गडद रंगाची असेल तर उत्तम, डोळ्यांवरची झळाळी कमी होते. क्रिकेटची टोपी या कामाची नाही. ती कपाळ सांभाळते आणि कान, मान उघडी टाकते.

पण दिसण्याच्या बाजूने, कोट नसताना, सडपातळ अंगाच्या माणसाला ७.५ सेंटिमीटरचा ताठ काठ मोठा होतो. तिथे ६ ते ६.५ सेंटिमीटर शोभतो. भरदार खांद्याच्या माणसाने सात घ्यायला हरकत नाही. तुम्ही आरशात बघताना फक्त चेहरा बघू नका. चार पावलं मागे जा आणि गुडघ्यापर्यंतचं अंग दिसेल असं उभं राहा. काठाची टोकं खांद्याच्या टोकांच्या बरीच आत राहिली पाहिजेत. एवढं एकच बघितलंत तरी निम्मं काम झालं.

बागेतल्या हॅटला दिसण्याचं बंधन नाही, पण तिच्या वेगळ्या अडचणी आहेत. झेला, म्हणजे आंबे उतरवायची जाळीची काठी, घेऊन वर बघता तेव्हा मागचा ताठ काठ पाठीला टेकतो आणि हॅट पुढे डोळ्यांवर येते. म्हणून बागेसाठी काठ रुंद पण मऊ हवा, म्हणजे तो मागे दुमडतो. माथा उंच नको, फांदीला अडकतो. आणि हनुवटीखाली दोरी हवीच. दुपारी समुद्राकडून वारा सुरू झाला की कड्यावरच्या बागेत दोरीशिवाय हॅट टिकत नाही. दोरी नसेल तर कोणत्याही शिंप्याकडून दोन्ही कानांच्या वर, कपाळाला टेकणाऱ्या आतल्या पट्टीत, काजं करून घ्या आणि सुती गोल दोरी ओवा. नायलॉनची नको, घामाने गळ्याला काचते.

माप घेताना टेप भुवयांच्या वर आणि कानांच्या वर एक बोट सोडून, मागे डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग येतो तिथून फिरवा. ५७ आलं तर बहुतेक कंपन्यांची एम, ५८-५९ आलं तर एल. दोन मापांच्या मध्ये आलात तर मोठं घ्या आणि आतल्या पट्टीच्या मागे फोमची पट्टी सरकवा. घट्ट हॅटने कपाळावर वळ उठतो, डोकं दुखतं, आणि मग हॅट खुंटीवर राहते. बरोबर मापाची हॅट कपाळावर भुवयांच्या वर दोन बोटं बसते. मागे सरकवून, केसांची झुलपं पुढे दाखवत घालू नका, ऊन अडवण्याचं कामच होत नाही.

रंग. शुभ्र पांढरी हॅट इकडे घेऊ नये. जांभ्याची लाल धूळ तिला आठ दिवसांत धरते आणि निघत नाही. सुकलेल्या गवताचा पिवळसर, बिस्किटी किंवा मातकट रंग घ्या. आपल्या सावळ्या रंगावर तो पांढऱ्यापेक्षा किती तरी चांगला दिसतो. रिबन तपकिरी किंवा गडद निळी. काळी रिबन पनामावर नेहमीची आहे, पण साध्या शर्टावर ती जरा लग्नाची वाटते.

आता शर्ट, म्हणजे कोटाची जागा घेणारा. कापड लिनन, खादी किंवा जरा जाड सुती असावं. विणलेल्या हॅटचा पोत खडबडीत असतो, त्याच्याखाली चकचकीत, इस्त्रीने काचेसारखा केलेला टेरिकॉट विसंगत दिसतो. खडबडीताखाली खडबडीत ठेवा. कॉलर महत्त्वाची. शिंप्याला सांगून कॉलरमध्ये चांगलं फ्यूजिंग (आतून चिकटवायचं ताठ कापड) घालून घ्या आणि कॉलरचा पट्टा जरा उंच ठेवा, म्हणजे वरचं बटण उघडं असतानाही ती उभी राहते. लॅपेल चेहऱ्याला जो आधार देतं ते काम मग कॉलर करते. खांद्याची शिवण अगदी खांद्याच्या हाडावर यायला हवी. ती दंडावर उतरलेली असेल तर खांदा पडका दिसतो आणि वरची हॅट मोठी. बाह्या लांब ठेवून कोपरापर्यंत दुमडणं मला अर्ध्या बाहीपेक्षा जास्त आवडतं. उन्हाला उतरवता येतात, आणि दुमडलेल्या बाहीने दंडाला थोडं वजन येतं. शर्ट इन करायचा की बाहेर? बाहेर सोडायचा असेल तर खालची कड सरळ आणि लांबी कमरेच्या खाली एक वीत, त्याहून जास्त नको. दोन्ही खिशांवर फ्लॅप असलेला बुशशर्ट असेल तर सगळ्यात उत्तम. कोटाच्या सर्वांत जवळ जाणारा आणि तरी कोट नसलेला असा तो एकच कपडा आहे, आणि आपल्या हवेसाठीच तो रुळला.

जाकीट घालायची सवय असेल तर खादीचं, अस्तर नसलेलं जाकीट डिसेंबर-जानेवारीच्या संध्याकाळी छान. पण त्यावर पांढरी टोपी घाला, हॅट नको. बंद गळ्यावर रिबनची हॅट जमत नाही. लांब कुर्त्यावरही नाही. कुर्त्याची उभी रेषा गुडघ्यापर्यंत जाते, वर हॅटची आडवी रेषा येते, आणि मधल्या माणसाची उंची कमी दिसते.

टी-शर्टवर फेडोरा नको. बर्म्युडावर तर नकोच. या दोन्हींवर सुती बकेट हॅट, म्हणजे खाली उतरत्या काठाची मऊ हॅट, घाला आणि निवांत राहा. अगदी अरुंद काठाची, मागे वर वळलेली ट्रिल्बीही टाळा. ऊन अडत नाही आणि शोभाही येत नाही, मग डोक्यावर वजन कशाला? फेल्टची हॅट कोणी भेट दिली असेल तर महाबळेश्वरला किंवा उत्तरेकडे थंडीत जाल तेव्हा न्या, कोटासकट.

शिष्टाचाराबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण हॅट घालणाऱ्या माणसाला हे कळायलाच हवं. इथे दोन रीती समोरासमोर येतात. पाश्चात्त्य रीतीत छपराखाली आलं की हॅट काढायची. आपल्या जुन्या रीतीत उलट, पायताण काढायचं आणि डोकं झाकलेलं ठेवायचं. पगडी किंवा टोपी घालून माणूस देवळात जातो, पंगतीला बसतो, त्यात आदरच आहे. पण हॅट त्या रांगेत बसत नाही. हॅट घातलीत तर हॅटची रीत पाळा. ग्रामदेवतेच्या देवळाच्या पायरीशी चपलांबरोबर हॅटही काढा, पण ती चपलांवर ठेवू नका, हातात किंवा काखेत धरा. कुणाच्या ओटीवर चढलात, वयाने मोठं माणूस समोर आलं, तर काढून नमस्कार करा. मयताला जाताना घरीच ठेवा. राष्ट्रगीताला काढा. आणि तुमच्या पडवीत पाहुणे चहाला बसलेले असताना यजमान म्हणून तुम्ही हॅट काढलेलीच बरी. पाहुण्यांना सामानासकट गाडीपर्यंत सोडायला जाल तेव्हा परत घाला.

काढताना माथ्याच्या चिमट्याला धरू नका. गवती हॅट सगळ्यात आधी तिथेच फाटते. दोन्ही हातांनी काठाला धरून उचला. ठेवताना माथा खाली आणि काठ वर ठेवा, नाहीतर काठ सपाट होतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर कधीही ठेवू नका. आतली चामड्याची पट्टी आकसते आणि माप अर्ध्या सेंटिमीटरने कमी होतं. घामाचे पांढरे डाग खाऱ्या हवेत लवकर पडतात. रोज संध्याकाळी आतली पट्टी बाहेर उलटवून सावलीत वाऱ्यावर ठेवा. आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पट्टी पुसा. साबण लागलाच तर अगदी थोडा, आणि गवतावर नाही, फक्त पट्टीवर.

पावसाळ्याचं मात्र मनावर घ्या. रत्नागिरी-सिंधुदुर्गात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि चार महिने कपाटात बुरशी येते. गवती हॅट आणि चामड्याची पट्टी दोन्हींना ती सगळ्यात आधी लागते. मृग लागायच्या आधी, मे संपता संपता, हॅट पूर्ण वाळवा, मऊ ब्रशने धूळ काढा, आत जुन्या सुती कापडाचा बोळा भरा म्हणजे आकार राहील. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नका, आतल्या आत घाम सुटतो. झाकणाला भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घ्या, तळाला कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि कापडी पुरचुंडीत चार मुठी सुका कोळसा ठेवा, आणि खोका भिंतीला न लावता फळीवर मध्यभागी ठेवा. श्रावणात पहिलं खडखडीत ऊन पडेल त्या दिवशी खोका उघडून कोळसा बदला. पावसात बागेत जाताना छत्री, रेनकोट किंवा मिळालं तर इरलं. फार तर नायलॉनची बकेट हॅट, जी चुलीजवळ तासाभरात वाळते.

तुमची उंची आणि खांद्याचं माप कळवलंत तर पाहुण्यांसमोर घालायच्या हॅटच्या काठाचा नेमका आकडा सांगतो. शर्ट मात्र आधी शिवून घ्या. हॅट घ्यायला जाताना तोच अंगात घालून जा, कारण टी-शर्टवर निवडलेली हॅट शर्टावर नेहमी वेगळी बसते.